काटेवालीची जबानी

माझ्या मावशीने माझ्या आईला तुरुंगात पाठवलं. वस्तीत आमचं घर कुणी विचारलं तर लोक गल्लीचा नंबर सांगत नाहीत, हेच सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांना मावशी राक्षसीण वाटते, उरलेल्यांना आई. मी दोघींच्या हातचा मार खाल्लाय, तेव्हा दोघींबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. पण ही हकिगत मावशीची.

दोघी बहिणी संत्र्यांच्या बागेत वाढल्या. बाग म्हणजे फिरायला जायची बाग नव्हे. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसणार नाही एवढी मोठी, झाडांच्या सरळ रांगाच रांगा, आणि सगळं फळ रसाच्या कारखान्यात जाणारं. आजोबा तिथे शिडीवर चढून फळं तोडायचे. त्यांचा हात फळावर जितका हलका तितकाच पोरींवर जड. त्यांनी कमरेचा पट्टा काढला की आई पुढे व्हायची, कारण ती चार वर्षांनी मोठी. आई मला सांगायची, "मी खायची आणि ही मागे उभी राहून मोजायची." मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "मोजायचं कधी थांबवलं ते नाही सांगितलं तिने?" थांबवलं त्या दिवशी मावशी चौदा वर्षांची होती. तिने आजोबांच्या हातातला पट्टा धरला, मनगटाला वेढा दिला, हिसकला, आणि बकलाच्या बाजूने त्यांच्याच तोंडावर ओढला. आजोबांची भुवई फाटली. त्यानंतर तो पट्टा कमरेलाच राहिला.

मावशीच्या रागाला पायऱ्या नव्हत्या. बाकीची माणसं आधी कुरकुरतात, मग आवाज चढवतात, मग हात उचलतात. ही गप्प असायची आणि एकदम मारायची. सोळाव्या वर्षी ती शिडीवर असताना खालून एकाने तिची पोटरी धरली. तिने तोंडातून शब्द न काढता दुसऱ्या पायाची टाच त्याच्या खांद्यावर घातली. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तिचं लग्न अकरा महिने टिकलं. नवऱ्याने एकदाच हात उचलला, आणि तो हात पुढे महिनाभर गळ्यात बांधून हिंडला. हात सुटला तसा तोही सुटला, आणि मावशी आमच्याकडे परत आली. तोवर आजोबा गेले होते. माझे वडीलही गेले होते, म्हणजे मेले नव्हते, नुसते गेले होते. घर दोघी बहिणींच्या नावावर होतं. बाहेरची खोली आईची आणि माझी, आतली मावशीची, स्वयंपाकघर दोघींचं.

आई पुढे टोळीची मुकादम झाली. सव्वीस माणसं तिच्या हाताखाली होती, त्यांत मावशी आणि मोठी झाल्यावर मीसुद्धा. फळ तोडायलाही कसब लागतं. नुसतं ओढलं तर देठापाशी साल फाटते आणि फळ सडतं. मनगटाने पीळ द्यायचा, किंचित वर उचलायचं, मग हिसका. दिवसभरात हे हजारो वेळा. मावशीसारखा हात कुणाचाच नव्हता. मग अडतिसाव्या वर्षी तिच्या पायाखालची शिडीची पायरी मोडली, ती खुब्यावर पडली, आणि उजवा पाय दोन बोटं आखूड होऊन बसला. शिडी सुटली. आईने तिला खालच्या फांद्यांवर ठेवलं. टोळीत कुणी काही बोललं नाही, आणि तेच मावशीला सहन होईना. "मला पोसतेस का?" ती आईला विचारायची. आई म्हणायची, "गप तोड."

त्याच सुमाराला बागेत औषधसाहेब आले. काडीसारखा माणूस, मोठ्या टोपीखाली चेहरा सापडायचा नाही. बागेच्या मालकांना माणसांऐवजी यंत्राने तोडणी करायची होती. यंत्र आधीच आणून पाहिलं होतं. दोन रबरी हातांनी ते झाडाचं खोड धरायचं आणि गदागदा हलवायचं. टोळीने त्याचं नाव थरथऱ्या ठेवलं होतं. पण आमच्या झाडांवर पिकलेलं फळ आणि पुढच्या वर्षीचं बारीक हिरवं फळ एकाच वेळी लटकलेलं असतं. पिकलेलं पडेपर्यंत हलवलं की हिरवंही पडायचं, फांद्याही मोडायच्या. औषधसाहेबांचं औषध यावरच होतं. ते फवारलं की चार दिवसांत फक्त पिकलेल्या फळाचा देठ सैल पडतो, मग थरथऱ्याने नुसतं हात लावल्यासारखं हलवलं तरी पुरे. झाड पिकल्यावर आपणहून जे करतं तेच थोडं घाईने करून घ्यायचं, असं ते सांगायचे. आम्ही त्याला ढिलं औषध म्हणायचो, आणि त्यावरून पुरुष काय काय विनोद करायचे ते इथे लिहीत नाही.

औषध लागू पडलं की नाही हे बघायला त्यांच्याकडे ताणकाटा होता. पिस्तुलासारखी मूठ, पुढे आकडा. आकड्यात फळ धरून ओढायचं, तुटलं त्या क्षणी किती किलोचा ताण पडला ते काट्यावर दिसायचं. एके दिवशी तो काटा अडकला. साहेब चिडून तो हातावर आपटत होते. मावशी शेजारच्या झाडाची खालची फांदी तोडत होती. ती म्हणाली, "काय बघायचंय त्यात?"

"फळ किती घट्ट आहे ते."

मावशीने एक फळ तोडलं. "साडेआठ." दुसरं तोडलं. "आठ." मग फवारलेल्या रांगेत जाऊन एक तोडलं. "पाचसुद्धा नाही."

साहेब हसले. दुसऱ्या दिवशी नवा काटा आला, तेव्हा त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून वीस फळं ओढायला लावली. अर्ध्या किलोच्या पलीकडे ती एकदाही चुकली नाही. त्या आठवड्यात मावशी टोळीतून उठून औषधसाहेबांकडे गेली. लाल फितीच्या रांगा फवारलेल्या, निळ्या फितीच्या तशाच ठेवलेल्या. ती लंगडत दोन्हींतून फिरायची, फळ ओढायची, वहीत आकडा लिहायची. लोक तिला काटेवाली म्हणायला लागले. तिला ते आवडायचं. आतापर्यंत तिच्या हाताला लोक फक्त घाबरले होते. त्या हाताला काही कळतं, असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

पहिल्या हंगामात टोळीही खुशीत होती. फवारलेल्या रांगेत तोडणी लागली की फळ हातात आपणहून यायचं. दुसऱ्या हंगामात थरथऱ्या त्या रांगांत शिरला. मी त्या दिवशी रांगेच्या तोंडाशी उभी होते. खोड धरलं, चार आकडे मोजावेत एवढा वेळ झाड हललं, आणि गारपीट व्हावी तशी सगळी संत्री खालच्या ताडपत्रीवर. हिरवं फळ जागच्या जागी. आमच्या सव्वीस माणसांचं तीन दिवसांचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं. आई म्हणाली, "झालं आपलं."

पुढच्या आठवड्यात टोळीतली दहा माणसं कमी करायला सांगितलं. कोणती दहा, ते आईने ठरवायचं होतं.

घरात त्यानंतर धुमसायला लागलं. आई भांडी आपटायची, मावशी आतल्या खोलीचं दार आपटायची. एकदा आई म्हणाली, "उद्यापासून आकडे खोटे लिही. घट्टच आहे म्हणून लिही. औषध चालत नाही म्हटल्यावर जातील निघून."

मावशी म्हणाली, "हात खोटं सांगत नाही माझा."

"हात माझ्या टोळीत तयार झाला तुझा!"

"हात बापाच्या पट्ट्याखाली तयार झाला. तू खात होतीस तेव्हा."

आईने हातातला पेला फेकून मारला. मावशीच्या कानशिलाला लागून तो भिंतीवर फुटला. मावशीने कानावरचं रक्त पुसलं, आईजवळ गेली, तिच्या केसांत हात घालून डोकं दोनदा ओट्यावर आदळलं आणि आपल्या खोलीत निघून गेली. मी ओटा धुतला.

चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, सगळी टोळी काम टाकून लाल फितीच्या रांगांकडे निघाली. कमी केलेले दहाही आले होते. शिड्यांच्या पायऱ्या उपटून त्यांनी हातात घेतल्या होत्या. रांगेत फवारणीचा ट्रॅक्टर उभा होता, मागे औषधाची टाकी, पंप चालू. आम्हाला बघून चालकाची बोबडी वळली, तो उडी मारून पळाला. औषधसाहेब पळाले नाहीत. "ऐकून घ्या," ते म्हणाले, आणि तेवढंच म्हणू शकले. टोळीत ढोल्या नावाचा सुटलेल्या पोटाचा एक माणूस होता, आईचा उजवा हात. त्याने पायरी आडवी फिरवली आणि साहेबांचा जबडा मोडला. आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला. ते खाली पडल्यावर आणखी तिघे त्यांना लाथा घालत राहिले.

आई टाकीवर चढली होती. तिला टाकीचं झाकण उघडून सगळं औषध सांडून द्यायचं होतं. मावशी लंगडत पलीकडच्या रांगेतून आली, हातात ताणकाटा तसाच.

"ताई, उतर."

"तू बाजूला हो."

"उतर म्हणते ना."

"विकलास ना हात? मग आता तोंड कशाला उघडतेस?"

मावशीने ताणकाट्याचा लोखंडी आकडा आईच्या नडगीवर घातला. पूर्ण ताकदीने. आईची नडगी उघडी पडली, आत पांढरं दिसलं. आई किंचाळली, टाकीवरून खाली घसरली, आणि घसरता घसरता तिने फवारणीची नळी ओढून घेतली. पंप चालू होता. नळी तिने हातात नीट धरली, तोटीचा खटका दाबला आणि मावशीच्या तोंडावर धरली. दोघींमध्ये हातभराचं अंतर होतं.

मावशी मागे पडली. आईने खटका सोडला नाही. खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर ती नळी धरून उभी राहिली. नेमकं किती वेळ ते मला सांगता येत नाही. शेवटी मीच धावत जाऊन तिला धक्का दिला. मावशीचे दोन्ही हात डोळ्यांवर होते आणि बोटांमधून रक्त आणि पिवळं पाणी येत होतं. मी तिला काखेत धरून ठिबकच्या पाइपापर्यंत फरफटत नेलं, पाइप दातांनी ओढून काढला आणि तिच्या पापण्या बोटांनी उघडून पाणी सोडत राहिले. ती ओरडत नव्हती. माझं मनगट मात्र तिने असं दाबलं होतं की पुढचे पंधरा दिवस तिथे चार निळ्या खुणा होत्या. मागे टोळीने टाकी उलथवली आणि ट्रॅक्टर पेटवून दिला.

डावा डोळा गेला. औषधापेक्षा पाण्याच्या दाबाने जास्त नासधूस केली, असं डॉक्टर म्हणाले. उजवा वाचला. पाइप जवळ होता म्हणून, असंही ते म्हणाले.

इस्पितळात पोलीस जबानी घ्यायला आले. त्यांनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, "मी पाठमोरी होते. मला दिसलं नाही." आईने सांगितलं होतं की झटापटीत नळी निसटली, आणि टोळीतल्या एकूण एकाने तेच सांगितलं होतं. मग पोलीस मावशीच्या खाटेपाशी गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, ओठ सुजून फुटले होते.

ती म्हणाली, "माझ्या बहिणीने मारलं. नळी निसटली नाही, तिने धरली. मी खाली पडल्यावरही धरली. लिहा." पोलीस लिहीत होता. तो थांबला तशी ती पुढे म्हणाली, "आणि पहिला फटका मी मारला. नडगीवर. तेही लिहा."

पोलीस गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या खाटेपाशी गेले आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या बाईच्या कानाखाली ठेवून दिली. या सगळ्या हकिगतीत मला कशाची लाज वाटत असेल तर त्या हाताची. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिला दिसत नसतानाही तिने तो वरच्या वर पकडला.

"एक दिली तुला," ती म्हणाली. "दुसरी नाही."

आईला अडीच वर्षं झाली. ढोल्याचं नाव मावशीने घेतलं नाही, कारण साहेबांना त्याने मारलं तेव्हा ती पलीकडच्या रांगेत होती. "जे बघितलं तेच सांगितलं," ती म्हणाली. साहेबांचा जबडा तारेने बांधला होता, आणि बरे झाल्यावर ते कुणाचंच नाव न घेता निघून गेले. परत कधी आले नाहीत.

मी कुठे जाणार? घर तेच. मी बाहेरच्या खोलीत, मावशी आतल्या. टोळी मोडली होती, मी कारखान्यात क्रेट धुवायला लागले. पाच महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती एका डोळ्याने स्वयंपाक करायची, माझं ताट झाकून ठेवायची आणि कामावर निघून जायची. हो, कामावर. बागेने नवीन टाकी आणली होती, काटेवाली तीच राहिली. रस्त्यात लोक तिच्या डाव्या बाजूने यायचे आणि थुंकायचे. तिकडचं तिला दिसत नाही हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी ढोल्या दोघांना घेऊन आमच्या मागच्या अंगणात आला. मावशी कपडे धूत होती. दोघांनी तिला मागून धरलं, ढोल्याने तिचा उजवा हात धुण्याच्या दगडावर पसरला. त्याच्याकडे हातोडी होती. "हाच ना तो हात?" तो म्हणाला. "याच्याच जिवावर आमची घरं बुडवलीस ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी सगळं बघत होते. पहिला घाव पडला तेव्हा मी हलले नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात क्षणभर आलं की होऊ दे. दुसरा घाव पडला आणि मावशीच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. तो आवाज हुबेहूब आईचा होता. शेगडीवर कपड्यांसाठी पाण्याचं पातेलं उकळत होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं, बाहेर आले आणि ढोल्याच्या पाठीवर रिकामं केलं. तो डुकरासारखा केकाटला. धरणाऱ्यांतल्या एकाची पकड सुटली, तेवढ्यात मावशीने दुसऱ्याच्या दंडाचा चावा घेतला, आणि तुकडा निघेपर्यंत सोडलं नाही. पातेलं माझ्या हातात होतंच. मी ते समोर येईल त्याच्यावर घालत राहिले. तिघेही कुंपणावरून पळाले तरी मी पाण्याच्या नळावर पातेलं आपटत होते. मावशीनेच मला थांबवलं.

माझे तळहात पोळून निघाले होते. तिची दोन बोटं चेचली होती. आम्ही एकाच बादलीत हात बुडवून अंगणात बसलो. तिथे मी तिला म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मला सगळं दिसलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आईला ढकललंस तेव्हा 'सोड तिला, आई' म्हणून ओरडत आली होतीस. कान शाबूत होते माझे."

"मग जबानीत का नाही सांगितलंस?"

"तुझी जबानी मी कशाला देऊ?"

मी मावशीला ओळखलं ते त्या दिवशी. ती प्रेमळ नव्हती. पुढेही झाली नाही. पण जे तिचं नव्हतं त्याला तिने कधी हात लावला नाही, आणि जे तिचं होतं, फटकासुद्धा, ते कधी नाकारलं नाही.

बोटं वाकडी जुळली. उजव्या हाताची जाण गेली ती गेलीच. तिने डावा हात शिकवायला घेतला. पहाटे बागेत जाऊन डोळा मिटून फळं ओढायची, मग काट्यावर पडताळायची. तीन आठवड्यांत डावा हात आकडे सांगायला लागला.

त्या हंगामात थंडी लांबली. थंडीत हे औषध मंद पडतं. चार दिवस झाले, सहा झाले, फळ सातच्या खाली येईना. कारखान्याच्या गाड्या रिकाम्या उभ्या. औषधसाहेब असते तर थांबले असते. पण ते नव्हते, आणि बागेच्या व्यवस्थापकाला थांबणं माहीत नव्हतं. त्याने दुप्पट औषध फवारायला लावलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मावशी रांगेतून फिरून आली ती थेट त्याच्या कचेरीत.

"यंत्र घालू नका. हिरवं फळही ढिलं झालंय. दोन किलोलाच हातात येतंय. पानंसुद्धा."

"पिकलेलं किती?"

"पिकलेलं तर वाऱ्याने पडेल. पण हिरवं..."

"तुझं काम आकडा लिहायचं. लिहून ठेव."

तिने वही त्याच्या टेबलावर आपटली आणि त्याची कॉलर धरली. शिपायांनी तिला बाहेर ओढलं तेव्हा तिच्या हातात कॉलरचा अर्धा तुकडा होता. दुपारी थरथऱ्या रांगेत शिरला. मी कारखान्यातून सुटून बघायला गेले होते. खोड धरलं, हललं, आणि पिकलेलं, हिरवं, पानं, कोवळ्या डहाळ्या, सगळं एकदम खाली आलं. मागे सांगाडा उभा. मग पुढचं झाड. मग त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्यात उघड्या काठ्यांशिवाय काही राहिलं नाही. मावशी कुंपणाबाहेर तारेला धरून उभी होती. ती रडत होती म्हणावं तर एकच डोळा ओला होता. दुसऱ्यातून पाणी येतच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या झाडांना फळ धरलं नाही. मालकांनी व्यवस्थापकाला काढलं, औषध बंद केलं, थरथऱ्या कुठल्या तरी दुसऱ्या बागेला देऊन टाकला. पुन्हा शिड्या आल्या. म्हणजे टाकी उलथवून, ट्रॅक्टर पेटवून, जबडे मोडून टोळीला जे जमलं नाही ते एका उतावळ्या माणसाने तीन दिवसांत करून दाखवलं. मावशीचा डोळा उगाचच गेला, आणि आईची अडीच वर्षंही. हे मी एकदा मावशीपाशी बोलले. ती म्हणाली, "उगाच कसा? तिने घेतला म्हणून गेला."

आई सुटून आली तेव्हा नडगीवरच्या जखमेमुळे तीही लंगडत होती. दारात दोघी समोरासमोर आल्या. एकीचा उजवा पाय आखूड, दुसरीचा डावा अधू. मला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली.

आईने मावशीच्या डोळ्याकडे पाहिलं. पाहिलंच म्हणायचं, खोबणीच होती ती. मग म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं नाव घेतलंस."

"सख्ख्या बहिणीनेच केलं होतं."

आईने तिला मुस्काटात मारली. मावशीने आईच्या पोटात डोकं घातलं. दोघी स्वयंपाकघरात पडल्या. शेल्फ खाली आलं, डबे फुटले, पीठ उडालं. एक चाळिशी ओलांडलेली, दुसरी पन्नाशीला आलेली, आणि दोघी एकमेकींना अशा मारत होत्या की मधे पडण्याची माझी छाती होईना. मी दाराला बाहेरून कडी लावली आणि पायरीवर बसले. शेजारीण विचारायला आली. मी म्हटलं, "बोलतायत दोघी."

आवाज थांबल्यावर मी कडी काढली. आईचा पुढचा दात तुटला होता, मावशीची बरगडी गेली होती. दोघी पिठाने पांढऱ्या, भिंतीला टेकून बसलेल्या. आई धापा टाकत म्हणाली, "माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही."

"मी विचारलं का?" मावशी म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. त्याहून जास्त कधीच झालं नाही. आईने पुन्हा टोळी बांधली, पण ढोल्याला घेतलं नाही. मावशीची बोटं त्याने चेचली हे मी तिला सांगितल्यावर ती स्वतः त्याच्या घरी गेली होती. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही. मात्र ढोल्याने वस्ती सोडली. मावशी कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर फळं निवडायला लागली. सडकं फळ तिच्या डाव्या हाताला न बघताच कळतं.

आता दोघीही म्हाताऱ्या झाल्यात. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. जेवायला मात्र एकत्र बसतात. परवा आई ताट घेऊन मावशीच्या डाव्या अंगाला बसायला गेली, तशी मावशी खेकसली.

"तिकडे नको. इकडे समोर बस, हात दिसले पाहिजेत मला तुझे."

आई उठली, पुटपुटत समोर जाऊन बसली, आणि दोघी जेवल्या.